गिटार आवडते, पण त्या गाण्याचं काय करू?

मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय साठीच्या आसपास, नोकरीतून निवृत्त. ख्याल-ठुमरी लहानपणापासून कानावर. दर महिन्याला सात-आठ स्नेही कुणाच्या तरी घरी जमतात. ज्याची पाळी असेल त्याने दोन तास आपल्या आवडीचं ऐकवायचं, अशी त्यांची बैठक आहे. गेल्या वर्षी मुलाच्या गाडीत ताईंनी स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसिया यांचं 'एन्त्रे दोस आग्वास' ऐकलं आणि गिटारने त्यांना धरलं ते धरलंच. पण पुढे वाट सापडेना. ॲपवर 'स्पॅनिश गिटार' शोधलं की झोप लागण्यासाठीचं गुळमुळीत संगीत सुरू होतं. 'फ्लामेंको' शोधलं की कुणीतरी गळा फाडून ओरडतं आणि बंद करावं लागतं. बैठकीतले एक गृहस्थ म्हणतात, "हे सगळं आपल्या राजस्थानातूनच गेलंय. मूळ सोडून नक्कल कशाला ऐकता?" ताईंचे प्रश्न असे : आधी क्लासिकल गिटार शिस्तीत ऐकून मग फ्लामेंकोकडे वळावं का? गाणं टाळून नुसती गिटार ऐकता येईल का? भाषा शिकावी लागेल का? आणि पुढच्या पाळीला हे बैठकीत लावलं तर हसं होईल का?

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते : बैठकीत जरूर लावा. काय लावायचं आणि कुठल्या क्रमाने, ते पुढे येईलच. त्याआधी तुमच्या पत्रातल्या काही गृहीतकांशी मला थोडं भांडायचं आहे.

'स्पॅनिश गिटार' या एका नावाखाली तुम्ही दोन वेगळ्या परंपरा कोंबल्या आहेत. वाद्य जवळजवळ तेच, देशही तोच, पण संगीत निराळं. क्लासिकल गिटार वाजवणारा लिहिलेलं स्वरलेखन समोर ठेवून शिकतो, रचनाकाराशी इमान राखतो, आणि त्याचे श्रोते खोकलासुद्धा दाबून बसतात. फ्लामेंकोचा गिटारवादक बापाकडून, काकाकडून, शेजाऱ्याकडून कानाने शिकतो. गाणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला साथ करण्यात त्याची उमेदवारी जाते, आणि श्रोते मधेच 'ओले!' म्हणून दाद देतात. पाको दे लुसिया या दुसऱ्या परंपरेतले. जन्म १९४७ चा, आल्हेसिरास या दक्षिणेतल्या बंदराच्या गावी. वडील गिटार वाजवणारे, एक भाऊ गाणारा. पाश्चात्त्य स्वरलेखन त्यांना वाचता येत नसे, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

तुम्ही ऐकलेलं 'एन्त्रे दोस आग्वास' १९७३ चं. तो रुंबा आहे : चार मात्रांची सोपी चाल, जोडीला बाँगो आणि बेस. फ्लामेंकोच्या वाड्याची ही ओसरी समजा. ओसरीवर गार वारा येतो, तिथे बसायला कुणाची हरकत नाही. पण तुम्ही आतलं विचारताय, म्हणून सांगते.

'क्लासिकल आधी, फ्लामेंको नंतर' हा तुमचा क्रम मला पटत नाही. क्लासिकल हा शब्द दिसला की आपल्याकडे पाठ आपोआप ताठ होते. फ्लामेंको म्हणजे लोकसंगीत, म्हणून सोपं, असं मनात कुठेतरी असावं. प्रत्यक्षात त्याचं व्याकरण कडक आहे. त्यातल्या प्रत्येक प्रकाराला 'पालो' म्हणतात, आणि प्रत्येक पालोची स्वतःची लय, स्वरांची चौकट आणि मूड ठरलेला असतो. 'सोलेआ' घ्या. बारा मात्रा, म्हणजे तुम्हाला एकताल आठवेल, पण वजन वेगळीकडे पडतं. मोठ्याने मोजून बघा : एक ते बारा संथ म्हणत जायचं, आणि तीन, सहा, आठ, दहा, बारा यांवर टाळी जोरात. आधी तीन-तीनचे दोन गट, मग दोन-दोनचे तीन. आवर्तनाच्या मध्यावर चाल बदलते, आणि पहिल्या दिवशी हात तिथेच चुकतो. आणखी एक गोष्ट तुमच्यासारखीच्या लगेच लक्षात येईल : गिटारचा तुकडा येऊन विसावतो तो बहुतेक वेळा दहाव्या मात्रेवर. समेची वाट पाहणाऱ्या कानाला हे सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं. चार-पाच आवर्तनांनी तो दहा आपोआप ऐकू यायला लागतो, आणि मग मजा सुरू होते.

हीच बारा मात्रांची चौकट कादिसच्या 'आलेग्रियास'मध्ये मोकळी आणि आनंदी होते, तर हेरेसच्या 'बुलेरियास'मध्ये इतकी पळते की मोजणं सोडून द्यावं लागतं. 'सेगिरिया' मात्र सुरुवातीला मोजायला जाऊ नका. तिची विभागणी वेगळी आहे आणि उगाच हिरमोड होईल. नुसती ऐका.

या अभ्यासासाठी एकच तबकडी सुचवायची तर पाकोंची 'सिरोको', १९८७ ची. आठ तुकडे आहेत आणि वेगवेगळ्या पालोंचे नमुने मिळतात. 'ला बारोसा' हे आलेग्रियास, 'एल पान्युएलो' हे बुलेरियास, आणि शेवटचं 'ग्लोरिया आल नीन्यो रिकार्दो' हे सोलेआ. नीन्यो रिकार्दो म्हणजे सेव्हियाचे जुने गिटारवादक, पाकोंच्या लहानपणीचा आदर्श. त्या शेवटच्या तुकड्यावर वरची मोजणी करून बघा. फ्लामेंकोच्या तबकड्यांवर तुकड्याच्या नावापुढे बहुधा कंसात पालोचं नाव असतं, तेही वाचायची सवय ठेवा. ॲपवर 'स्पॅनिश गिटार' हा शोध आजपासून बंद. कलाकाराचं नाव आणि पालोचं नाव, एवढंच टाका, आणि एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवा. झोपेचं संगीत त्याच फटीतून घुसतं. मधेच जिप्सी किंग्ज लागले तर हवं तर नाचून घ्या, पण ते दक्षिण फ्रान्सचे, आणि त्यांचा मुक्काम बहुतेक रुंब्याच्या ओसरीवरच.

आता गाण्याकडे येते, कारण तुमचं खरं अडलंय ते तिथे.

गाणं टाळून नुसती गिटार ऐकता येईल का? येईल. कित्येक लोक आयुष्यभर तेच करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्यासारख्या, साथसंगत कशाशी खातात हे माहीत असलेल्या बाईने तेवढ्यावर थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. फ्लामेंकोत गाणं मूळ आहे. गिटार त्याला साथ करायला आली आणि फार उशिरा एकटी मंचावर बसायला लागली. रामोन मोंतोया यांनी १९३६ मध्ये पॅरिसला एकल गिटारचं ध्वनिमुद्रण केलं, तो त्या वाटेवरचा मोठा टप्पा. त्यानंतर साबिकास. ते यादवी युद्धाच्या काळात स्पेन सोडून गेले आणि पुढे न्यूयॉर्कला राहिले. तरुण पाकोंना त्यांनीच सांगितलं की दुसऱ्यांचं वाजवत बसू नकोस, स्वतःचं रच. तरीही गिटारवादक एकटा वाजवत असतो तेव्हाही त्याच्या मनात एक गाणारा बसलेला असतो. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये भरायचे जे गिटारचे तुकडे, 'फाल्सेता', तेच सलग गुंफून एकल वादन उभं राहिलं आहे.

आणि तो आवाज ओरडा का वाटतो, याचा माझा अंदाज सांगू? तुमचा कान मिरजेचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात स्वर कसा असावा याची जी कल्पना मुरलेली आहे, म्हणजे गोड, लांब, सुईच्या टोकावर ठेवल्यासारखा, ती घेऊन तुम्ही फ्लामेंकोच्या दारात उभ्या राहता. तिथे खरखरीत आवाजाला मान आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एल फियो या गायकाच्या नावावरून तशा आवाजाला 'आफिया' म्हणतात. आवाज फाटतो, तुटतो, आणि नेमका तुटतो तिथेच ऐकणारा 'ओले' म्हणतो. या गाण्यामागे काय काय आहे तेही बघा : लोहारकाम करणाऱ्यांची गाणी, ज्यांना आजही गिटारची साथ नसते, खाणकामगारांची गाणी, तुरुंगाची, आईची, मरणाची गाणी. १७४९ च्या जुलैमध्ये स्पेनच्या राजसत्तेने देशातल्या सगळ्या हितानोंना, म्हणजे तिथल्या जिप्सी समाजाला, एकदमच पकडायचा हुकूम काढला होता. हजारो लोक, बायका-मुलांसकट, कोंडले गेले. त्या समाजाने हे गाणं जपलं. त्यांनी गोड गावं अशी अपेक्षा धरणं जरा जास्तच होईल.

मग सुरुवात कुठून? ज्या माणसावर तुमचा आधीच विश्वास बसला आहे त्याचंच बोट धरा. १९६९ ते १९७७ या काळात पाकोंनी कामारोन दे ला इस्ला या गायकाबरोबर नऊ तबकड्या केल्या. कामारोन १९५० चे, १९९२ मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. यातली कुठलीही घ्या, आणि पहिल्यांदा लक्ष गिटारवरच ठेवा. गाणारा 'आय्…' म्हणून गळा मोकळा करतो तेव्हा गिटार काय करते? थांबते. ओळ संपत आली की बरोबर तिथे एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, ठेवते. गाणाऱ्याने श्वास घेतला की मधली जागा भरते आणि पुढची ओळ आली की बाजूला होते. तुम्ही सारंगी किंवा पेटीवाल्याकडे ज्या कौतुकाने पाहता तोच हा प्रकार. गाणाऱ्याची पट्टी सांभाळायला गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतात, तो सरकवला की पट्टी बदलते. असं दोन-तीनदा ऐकलंत की गाणं त्रासदायक वाटायचं कमी होईल. आवडेलच असं वचन मात्र देत नाही.

त्यानंतर कार्मेन लिनारेस, एन्रिके मोरेन्ते. आणि मग फेर्नांदा दे उत्रेरा. सोलेआ गावा तर या बाईने. स्पॅनिश दूरचित्रवाणीने १९७१ ते १९७३ या काळात 'रितो इ हेओग्राफिया देल कान्ते' नावाची कृष्णधवल मालिका केली होती. गायकांच्या घरी, गावी, ओळखीच्या माणसांत बसून चित्रण केलेलं. तिचे भाग यूट्यूबवर सापडतात. नुसतं ऐकताना जो आवाज अंगावर येतो, तोच, खुर्चीत साध्या कपड्यांत बसलेली एक बाई डोळे मिटून गातेय आणि शेजारचा गिटारवाला तिच्या तोंडाकडे टक लावून बसलाय असं दिसलं, की वेगळा ऐकू येतो. कार्लोस साउरा यांचा १९९५ चा 'फ्लामेंको' हा चित्रपटही असाच उपयोगी. त्यात कथा नाही, एकामागून एक पालो आणि ते सादर करणारी थोर मंडळी, बस्स.

भाषेचं म्हणाल तर शिकायची हौस असेल तर शिका, पण या गाण्यासाठी म्हणून नको. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाची बोली शब्दांचे शेवट गिळते आणि गाताना तर जास्तच. कडवी तीन-चार ओळींची असतात, आपल्या जात्यावरच्या ओवीएवढी. आवडलेल्या एखाद्या गाण्याचा अर्थ शोधून वाचलात तरी पुरे.

राजस्थानवाल्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं खरं आहे, म्हणून त्यांना उडवून लावू नका. रोमा लोकांची (म्हणजे जिप्सींची, स्पेनचे हितानो त्यांतलेच) भाषा भारतीय भाषांच्या कुळातली, हे भाषाशास्त्रज्ञांनी पक्कं दाखवलं आहे आणि या लोकांचे पूर्वज भारतातून निघाले याबद्दल वाद उरलेला नाही. पण ते स्पेनमध्ये पोचले पंधराव्या शतकात, वाटेत कित्येक देश आणि कित्येक पिढ्या घालवून. आज ज्याला फ्लामेंको म्हणतात त्याला ओळखू येईल असं रूप आलं एकोणिसाव्या शतकात, अंदालुसियात, तिथल्या बिगर-हितानो लोकांच्या गाण्यांशी मिसळून. पाको स्वतः हितानो नव्हते, कामारोन होते. तेव्हा 'मूळ आपलं, ती नक्कल' असं म्हणणं म्हणजे चारशे-पाचशे वर्षांचा हिशेब एका वाक्यात बुडवणं झालं. त्यांना याहून चांगलं कोडं घाला. फ्लामेंकोत सतत येणारी ती उतरती कॉर्डांची ओळ : षड्ज धरून म्हटली तर म, कोमल ग, कोमल रे, सा. भैरवीचा कान लगेच टवकारतो. पण शेवटच्या सा वर जो कॉर्ड वाजतो त्यात शुद्ध गंधार असतो. कोमल गंधारावरून उतरून शुद्ध गंधारावर विसावणं, ही या संगीताची खास खोड. कधी कधी शुद्ध गंधारच पुढे राहतो आणि बसंत मुखारीची सावली पडते. यावर तुमच्या बैठकीत अर्धा तास भांडण सहज होईल.

तुम्ही वाद्यं बनवणाऱ्यांच्या गावच्या, म्हणून एक आणखी. फ्लामेंकोची गिटार ऐकताना तारेला थोडी झणझण ऐकू येते. ती वादकाची चूक नाही. तारा पडद्यांच्या अगदी जवळ ठेवलेल्या असतात, आणि ती किंचित जवारी तिथे हवीच असते. पाठ आणि बाजू पारंपरिक पद्धतीने सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या, त्यामुळे आवाज चटकन उठतो आणि चटकन विरतो. पुढच्या बाजूला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, बोटांनी ठोका मारायला. क्लासिकल गिटारला पाठ-बाजूला शिसव, स्वर लांब टिकतो. ब्राझीलचं शिसव दुर्मिळ झाल्यापासून बरंचसं शिसव आपल्या सह्याद्री-मलबार पट्ट्यातल्या जातीचं असतं. आजच्या गिटारचा आकार ठरवला आल्मेरियाच्या आन्तोनियो दे तोर्रेस या कारागिराने (१८१७ ते १८९२). आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो हे दाखवायला त्याने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. तंबोरा बनवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कारागिरांना विचारा, ते काय म्हणतात.

क्लासिकलबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुम्हाला माझी गरज कमी आहे. तार्रेगा यांना तुम्ही ओळखता. जुन्या नोकिया फोनची रिंगटोन त्यांच्या १९०२ च्या गिटारच्या वॉल्ट्झमधून घेतलेली आहे. त्यांचंच 'रेकुएर्दोस दे ला अल्हम्ब्रा' ऐका. अंगठा खर्जाच्या तारांवर चालतो आणि तीन बोटं एकाच तारेवर इतक्या भराभर फिरतात की दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. आल्बेनिस यांचं 'आस्तुरियास' मूळ पियानोसाठी लिहिलेलं, पण पियानोवर गिटारची नक्कल करणारं. पुढे गिटारवाल्यांनी ते उचललं आणि आता ते त्यांचंच होऊन बसलं आहे. सेगोव्हिया यांनी गिटारला मोठ्या सभागृहात नेलं, पण त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं पहिल्याच दिवशी नकोत. ज्युलियन ब्रीम किंवा जॉन विल्यम्स यांच्यापासून सुरुवात करा. आणि रोद्रिगो यांचा 'कोन्सिएर्तो दे आरानहुएस', गिटार आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेला. रोद्रिगो तीन वर्षांचे असताना दृष्टी गमावलेले आणि स्वतः गिटार न वाजवणारे, हे ऐकताना खरं वाटत नाही. हा कोन्सिएर्तो १९४० मध्ये बार्सिलोनाला पहिल्यांदा वाजला. त्याचा मधला संथ भाग ब्रीम यांचा ऐका आणि लगेच पाकोंचा, १९९१ चा. तेच स्वर, पण पाकोंच्या हातात लय करकरीत होते. दोन परंपरांतला फरक मी लिहून सांगण्यापेक्षा त्या वीस-बावीस मिनिटांत जास्त कळेल.

तर बैठक. दोन तास असले तरी वाजवायचं फार तर एक तास, उरलेला वेळ बोलण्यासाठी. आधी 'रेकुएर्दोस', मग 'आस्तुरियास', मग आरानहुएसचा संथ भाग. इथपर्यंत कुणी कुरकुर करणार नाही. मग पाकोंचं ते सोलेआ, त्याआधी सगळ्यांकडून दोन मिनिटं टाळ्यांची मोजणी करून घ्यायची; राजस्थानवाल्या गृहस्थांना पुढे बसवा. मग कामारोन, एक तांगोस (चार मात्रांचा पालो) आणि एक बुलेरियास. शेवटी फेर्नांदा, पडद्यावर, अर्थ आधी सांगून. पाको, आल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांचा १९८० चा सॅन फ्रान्सिस्कोचा कार्यक्रम कुणी सुचवेलच, मॅक्लॉफ्लिन हे झाकीरभाईंच्या 'शक्ती'तले म्हणून. तो चहाच्या वेळी लावा. अफाट वेग आहे, टाळ्याही मिळतील, पण पाकोंचा सगळ्यात चांगला चेहरा तो नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे सगळं फोनच्या स्पीकरवर लावू नका. अंगठ्याचे खर्जातले स्वर त्यात ऐकूच येत नाहीत, आणि मग उरते ती नुसती झणझण. मुलाकडचा बरा स्पीकर त्या दिवसापुरता मागून घ्या. बैठकीत काय झालं ते कळवा, विशेषतः फेर्नांदाच्या वेळी कोण उठून गेलं आणि कोण बसून राहिलं ते.